हात लावू?

माझा मुलगा राजाचा न्हावी आहे, हे मी दुबईतल्या करामापासून शारजापर्यंत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या केरळच्या नर्सबाईला सांगितलं, मासळीवाल्याला सांगितलं, नात अस्मीच्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगितलं. एका बाईने तोंड वाकडं करून विचारलं, "म्हणजे सलूनमध्येच ना?" तिच्याशी मी पुन्हा बोलले नाही. राजा ज्याच्यापुढे मान वर करून डोळे मिटतो, तो काय साधा माणूस असतो?

त्या देशाचं नाव माझ्या जिभेला वळत नाही. समुद्रात कुठेतरी बेट आहे, लवंगा पिकतात, एवढं मला ठाऊक. घरात आम्ही त्याला राजाचा गाव म्हणायचो. "राजाच्या गावाहून फोन आला का गो?" असं मी सुनेला विचारायचे. सून म्हणजे संपदा. ती दुबईत एका ऑफिसात कामाला जाते, आणि रोज त्या ट्रॅफिकमध्ये अडकून घरी येते ती माझ्यावर राग काढायला.

माझा विघ्नेश आधी करामातल्या सलूनमध्ये होता. राजा डोळ्यांच्या इलाजासाठी दुबईला यायचा, मोठ्या हॉटेलात उतरायचा. एकदा हॉटेलातला माणूस आजारी पडला म्हणून विघ्नेशला बोलावणं आलं. राजाच्या हनुवटीखाली एक फुगलेला तीळ होता आणि जो तो न्हावी तो कापून रक्त काढायचा. विघ्नेशने काढलं नाही. पण राजा खूश झाला तो त्याच्यावर नाही, आमच्या घरच्या रीतीवर.

आमचे हे, भिकाजी, देवगडकडच्या आमच्या गावात झाडाखाली बसायचे. धोकटी उघडायची, वाटीत पाणी घ्यायचं, आरसा समोरच्याच्या हातात द्यायचा, आणि त्याच्या तोंडाकडे बघून विचारायचं, "हात लावू?" तो "लाव" म्हणाला की मगच वस्तरा. समोर सरपंच असो नाहीतर गुराखी. एखादं पोर "नाही" म्हणून भोकाड पसरायचं, बाप वरून दटावायचा, तरी हे हात मागे घ्यायचे. म्हणायचे, "वस्तरा गळ्याशी न्यायचा तर ज्याचा गळा त्याने हो म्हटलं पाहिजे. त्याच्या बापाने म्हणून चालत नाही." आणि कापलेले केस कधी कुणाच्या पायाखाली येऊ दिले नाहीत. फडक्यात गोळा करायचे आणि ज्याचे त्याला विचारून मातीत पुरायचे.

विघ्नेशने हॉटेलात सवयीने मराठीतच विचारलं. राजाने अर्थ विचारला, ऐकून घेतला, आणि म्हणाला, मला जन्मात कुणी असं विचारलं नाही. त्याला बरोबरच घेऊन गेला. मग रोज सकाळी तिथल्या महालात आमची भाषा बोलली जायची. "आये, राजा मराठी शिकला," विघ्नेश फोनवर हसायचा. "एकच शब्द. पण अगदी आपल्यासारखा बोलतो."

मग तिथे भाऊबंदकी पेटली. राजाचा चुलतभाऊ आणि अर्धं लष्कर एकीकडे, राजा आणि उरलेलं लष्कर दुसरीकडे. माणसं मेली, गावं जळली. राजा काही देव नव्हता, हेही मी सांगते. त्याच्या तुरुंगाच्या गोष्टी आम्ही टीव्हीवर बघितल्या आणि चॅनेल बदललं. मला राजाशी देणंघेणं नव्हतं. इथला उन्हाळा चढत होता तेव्हा विघ्नेशचा शेवटचा फोन आला. एसी बंद करून खिडक्या उघडायचे दिवस आले तरी दुसरा आला नाही. राजा हरला, पकडला गेला, ते बातम्यांत दिसलं. न्हाव्याचं काय झालं ते कोण दाखवणार?

अक्रम आला तो शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. तो त्याच बेटावरचा, इथे दुबईत देऱ्याच्या बाजारात लवंग-वेलचीचा व्यापार करतो, आणि आता जिंकलेल्या बाजूचा माणूस. दारात उभा राहून त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "माँजी, आपका बेटा जिंदा है."

संपदा होती तिथे जमिनीवर बसली. मी बसले नाही. पुढे "लेकिन" येणार हे मला त्याच्या बुटांकडे बघूनच कळलं. माणूस बूट काढायला तयार नव्हता.

"अंदर आव," मी म्हटलं. "और लेकिन क्या है वो बोलो."

त्याने सांगितलं ते असं. उद्या राजाला मारणार. फुटबॉलच्या मैदानात, सगळ्या लोकांसमोर. पण त्यांच्याकडे राजाचे केस म्हणजेच त्याचं राजेपण. राजाचं डोकं उघडं कुणी बघत नाही. केस डोक्यावर असेपर्यंत त्याला मारणारा शापाचा धनी होतो असं लोक धरून चालतात. म्हणून आधी त्याचं मुंडण करायचं, सगळ्यांना दाखवून. म्हणजे मग मरेल तो राजा नव्हे, एक बोडका माणूस. आणि शिपायांपैकी एकही हात लावायला तयार नाही. राजाच्या केसांना हात लावायचा हक्क एकालाच, त्याच्या न्हाव्याला.

"तो करेगा ना मेरा लडका," मी म्हटलं. "उसका कामच है."

"उसने मना कर दिया, माँजी."

मला आधी अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू? मग त्या शिपायांच्या बंदुका आठवल्या.

"कल भी मना किया," अक्रम हळू म्हणाला, "तो उसको राजा के बाजू में खडा करेंगे. राजा का आदमी समझ के. और कर दिया तो घर भेज देंगे. ये मेरे बहनोई का वादा है. वो वहाँ अफसर है. फोन लगाके देता हूँ. आप समझाओ. लेकिन हिंदी में बोलना, और स्पीकर पे."

संपदाने फोन जवळजवळ हिसकावला. पलीकडून आवाज आला तो विघ्नेशचा, पण घसा सोलवटल्यासारखा.

"विघ्नेश, ते काय सांगतील ते कर," ती एका दमात म्हणाली. "कर आणि घरी ये. अस्मी रोज विचारते. काही विचार करू नकोस, नुसता कर."

"हिंदी, हिंदी," अक्रम म्हणाला.

"करो और घर आओ!" संपदा ओरडली.

"राजा के हाथ बाँधके लानेवाले हैं, संपदा," विघ्नेश म्हणाला. "दो आदमी पकडेंगे, मैं मुंडाऊँगा. मेरे से नहीं होगा. आये है क्या वहाँ?"

मी फोन घेतला. खोलीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दारातून अस्मीसुद्धा.

"आये," तो म्हणाला. मग हिंदीतच, "बाबा ने कभी बाँधे हुए आदमी को हाथ लगाया होता क्या?"

आता याला काय उत्तर देऊ? नसताच लावला. पण हे सांगितलं तर मुलगा जातो. "लाव हात" म्हणून सांगितलं तर मुलगा येतो, पण तो कोण म्हणून येईल? बापाच्या धोकटीला पुन्हा हात लावेल का? माझ्या तोंडाकडे बघेल का? माझी हिंदी भाजी घेण्यापुरती. त्या हिंदीत मला हे सगळं सांगायचं होतं.

"बाबा का काम याद है तेरे को?" मी विचारलं.

"है."

"तो उनके माफिक करने का. सुरू से आखिर तक. पानी, आरसा, सब. बीच में का कुछ छोडने का नहीं. राजा है कि चोर है, देखने का नहीं. समझा?"

पलीकडे कुणीतरी खोकलं. मग विघ्नेश म्हणाला, अगदी हळू, "और वो ना बोला तो?"

माझ्या हातातला फोन गरम झाला होता. "तो बाबा क्या करते थे?"

"समझा, आये," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

अक्रमने कपाळ पुसलं. "कौन ना बोला तो? क्या बात हुई?"

"हमारे धंदे का बात है," मी म्हटलं. "करेगा वो. तुम्हारे बहनोई को बोलो, करेगा."

तो गेला तशी संपदा माझ्यावर आली. न्हाव्याची सून ती, तिला सगळं कळलं होतं. "तुम्ही त्याला विचारायला सांगितलंत. त्या मैदानात, बंदुकांपुढे, हात लावू का म्हणून विचारायला!"

"हो."

"आणि राजा नाही म्हणाला तर?"

"म्हणणार नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं. पण सुनेपुढे तसं कबूल करायची मला सवय नाही. "रोज लाव म्हणतो तो," मी म्हटलं.

"रोज त्याला दाढीनंतर नाश्ता मिळायचा, आई! उद्या काय मिळणार आहे? मरायचंच असेल तर तो राजा म्हणून मरेल. न्हाव्यासाठी बोडका होऊन कशाला मरेल? तुमचा हा ताठा... नवरा माझा जाईल."

"मुलगा माझा जाईल," मी म्हटलं.

"आजी," अस्मी मध्येच म्हणाली, "इज पप्पा कमिंग होम ऑर नॉट?"

आम्ही दोघींनी तिला दूध-बिस्किटं दिली. संपदा माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. पण भांडी घासताना मला तिचंच म्हणणं आठवत राहिलं. मुलाचा जीव मी कुणाच्या हाती सोपवला? ज्याच्याकडे गमवायला काही उरलेलं नाही, अशा माणसाच्या.

दुसऱ्या दिवशी अक्रम पुन्हा आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. यावेळी बूट दाराबाहेर काढले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. अस्मीला मी आतल्या खोलीत मोबाइल देऊन बसवलं आणि दार लावून घेतलं. टीव्हीवर ते मैदान दिसत होतं. पलीकडच्या फ्लॅटमध्येही तेच चॅनेल लागलेलं, आवाज भिंतीतून येत होता, आमच्यापेक्षा किंचित मागून.

माणसंच माणसं. झेंडे, पोरं बापाच्या खांद्यावर, कुणी आंबे विकतोय की काय ते विकतोय. माणूस मरायचा तिथेही विकणारे पोचतात. मधोमध एक फळ्यांचा चौथरा, त्यावर एक खुर्ची. राजाला आणलं. मी त्याला फोटोत बघितला होता तो भरदार. हा म्हातारा, सदरा लोंबतोय, हात मागे बांधलेले. डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं. खुर्चीत बसवलं तेव्हा लोकांचा आवाज असा उठला की संपदाने कान झाकले.

मग विघ्नेश दिसला. "दाढी किती वाढलीय त्याची," संपदा म्हणाली. एवढंच. न्हाव्याच्या तोंडावर तेवढी दाढी मी कधी बघितली नव्हती. काखेत बापाची धोकटी होती. ती सोडली नव्हती माझ्या पोराने.

दोन शिपाई राजाच्या खांद्यांवर हात ठेवून उभे राहिले. विघ्नेश खाली बसला. धोकटी उघडली. वाटी काढली, बाटलीतलं पाणी ओतलं. अगदी सावकाश, जसे हे झाडाखाली करायचे तसं. लोक ओरडत होते, त्याला घाई नव्हती. मग त्याने आरसा काढला आणि अडखळला. राजाचे हात बांधलेले. आरसा देणार कुठे?

तो शिपायाशी काहीतरी बोलला. शिपाई मागे बघायला लागला. एक जाडजूड अधिकारी पुढे आला.

"वही मेरा बहनोई," अक्रम पुटपुटला. "ये क्या कर रहा है आपका लडका? शुरू क्यों नहीं करता?"

"शुरूच किया है," मी म्हटलं.

अधिकाऱ्याने हाताने खूण केली, चल, आटप. विघ्नेशने आरसा आपल्याच हातात धरला, राजाच्या तोंडासमोर, आणि त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं. चौथऱ्यावर माईक होता, शिक्षा वाचून दाखवायला ठेवलेला. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून त्या एवढ्या मैदानात, आणि भिंतीपलीकडच्या फ्लॅटमध्येसुद्धा, माझ्या घरचे शब्द ऐकू आले.

"हात लावू?"

लोकांना कळलं नाही. पण तो थांबलाय, वाट बघतोय, एवढं सगळ्यांना दिसलं. ओरडा हळूहळू बसत गेला. ज्याला मारायला आणलं त्याला कुणीतरी काहीतरी विचारतंय, हे बेटावरच्या माणसालाही भाषेशिवाय कळतं. अधिकारी ओरडला. विघ्नेश हलला नाही. ओले हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.

राजा आरशात बघत होता. बोलेना. मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आमच्या गावात बायका विहिरीवर घालतात तसल्या. बोल रे मेल्या. रोज बोलायचास ना? तुझ्या मीठभाकरीवर नाही, तुझ्या एका शब्दावर माझं लेकरू बसलंय. संपदाने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती. "तुम्ही मारलंत त्याला," ती म्हणत होती, "तुम्ही मारलंत."

अधिकाऱ्याने कमरेचं पिस्तूल काढलं. राजाकडे नाही, विघ्नेशकडे धरलं.

राजाने मान वळवून ते पिस्तूल बघितलं. मग विघ्नेशकडे बघितलं. मग खांदे असे झटकले की शिपायांचे हात आपोआप सुटले, आणि त्याने स्वतःच डोकं पुढे झुकवलं. इतकं की ते पांढरं फडकं सैल होऊन मांडीवर पडलं. सगळ्या लोकांनी त्याचे केस बघितले. विरळ होते, पांढरे.

"लाव," राजा म्हणाला.

टीव्हीवरची बातमीवाली बाई म्हणाली की राजाने कोणत्यातरी जुन्या भाषेत प्रार्थना केली. मी हसले की रडले, मला माहीत नाही. संपदाची नखं माझ्या हातातून निघाली.

विघ्नेशने मुंडण केलं. एक थेंब रक्त नाही. अधिकारी त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता, लोकांकडे बोट दाखवत होता. केस उचलून दाखव, उधळ, असं असणार. विघ्नेशने सगळे केस त्या पांढऱ्या फडक्यात गोळा केले, गाठ मारली आणि राजाच्या मांडीवर ठेवले. अधिकाऱ्याने त्याला दंडाला धरून ओढलं आणि तो चित्रातून गेला.

मी टीव्ही बंद केला. पण भिंतीपलीकडचा चालू होता. शिक्षा वाचलेली ऐकू आली. मग गोळ्या. संपदाने आतल्या खोलीचं दार आणखी घट्ट ओढून घेतलं.

अक्रम कोपऱ्यात तसाच बसला होता. मला त्याला बोलायचं होतं. बघितलंस, म्हणायचं होतं, मान असा देतात. तोंड उघडलंच होतं, तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माँजी, मेरे भाई को इसी राजा के जेल में मारा. उसको किसी ने नहीं पूछा था."

मी उठले आणि चहा टाकला. काल त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

कप खाली ठेवून त्याने बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बहिणीला फोन लावला. बराच वेळ तो तिथे भांडत होता, त्यांच्या भाषेत. आत येऊन म्हणाला, "बहनोई बहुत गुस्से में है. बोलता है लडके ने राजा को राजा बना के मारा. लेकिन बहन ने कसम डाली है. भेजेगा. इन्शाल्ला भेजेगा."

तो शब्द कानात घेऊन आम्ही दिवस काढले. संपदा ऑफिसला जायची, परत यायची, मी दार उघडायचे, ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि चप्पल काढायची. बोलणं तेवढंच.

मग एका दुपारी अक्रमचीच गाडी खाली थांबली. विघ्नेश लिफ्टमधून बाहेर आला तो एका खांद्याने भिंतीला टेकत. धोकटी डाव्या हातात होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. केस लोकांना दाखवले नाहीत म्हणून अधिकाऱ्याने चौथऱ्यामागे नेऊन बंदुकीच्या दांड्याने बोटं ठेचली होती. डॉक्टर म्हणतात दोन बोटं पुन्हा वाकायला लागतील, बाकीची बघू.

संपदा त्याला बिलगली. मी लांब उभी राहिले. हा हात माझ्या शब्दापायी गेला, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घेतली नाही. पण तिच्या डोळ्यांपर्यंत नेलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरशासमोर उभा होता. डाव्या हाताने गालाला साबण फासायचा प्रयत्न चाललेला, साबण निम्मा कानात. दाढी साधूसारखी झाली होती.

"सलूनमध्ये जा," संपदा म्हणाली.

"दुसऱ्याच्या हातून?" तो म्हणाला, आणि आम्हाला त्याचा बाप बोलल्यासारखं वाटलं.

मी धोकटी उघडली. जन्मभर मी त्यातला वस्तरा चामड्यावर परजून दिला, तुरटी फोडून दिली, फडकी धुतली. वस्तरा कुणाच्या गालाला लावला नव्हता. बाईमाणसाने लावायचा नसतो म्हणे. कुणी ठरवलं ते ठरवणारे गेले. मी खुर्ची ओढली, वाटीत पाणी घेतलं, आरसा त्याच्या डाव्या हातात दिला.

त्याच्या समोर उभी राहिले. त्या मैदानात राजा किती वेळ गप्प होता, तसाच हाही गप्प राहिला तर? नाही म्हणाला तर? तसा हक्क होता त्याला.

"हात लावू?" मी विचारलं.

विघ्नेश आरशात बघत राहिला. प्लास्टरमधली बोटं मांडीवर पडलेली. संपदा दारात उभी, हातात अस्मीचा डबा. बस खाली हॉर्न मारत होती, कुणी हललं नाही.

"लाव, आये," तो म्हणाला.

मी वस्तरा धरला. पहिल्याच फटक्याला हनुवटीखाली कापलं.

"आये गं," तो ओरडला, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "राजाला रक्त आलं नव्हतं!"

"राजाचा न्हावी चांगला होता," मी म्हटलं, आणि तुरटी शोधायला लागले.